चाकांवरचे घर आणि त्याचे सांडपाणी : घोडनदीच्या छावणीपासून दौंड जंक्शनपर्यंत

मित्रहो, आजचा धागा थोडा लांब आहे, आणि विषय जेवताना वाचण्याजोगा नाही.

१२ सप्टेंबर १९१७. मुंबईहून मद्रासला निघालेल्या मेलगाडीत तिसऱ्या वर्गाच्या एका डब्यात गांधीजी बसले होते. तिकीट १३ रुपये ९ आण्यांचे. डबा २२ प्रवाशांचा, बसण्यापुरताच. वाटेत दोन रात्री काढायच्या. पुण्यापर्यंत काही धीट उतारूंनी दार अडवून धरले म्हणून गर्दी आटोक्यात राहिली, रायचूरनंतर मात्र ती असह्य झाली. पुढे लिहिलेल्या लेखात त्यांनी दोन गोष्टी मुद्दाम नोंदवल्या : साऱ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही, आणि शौचकूप साफ झाला नाहीच, शिवाय त्याच्या टाकीत पाणीही नव्हते.

पुणे आणि रायचूर यांच्या मधल्या या वाटेवर एक मोठे जंक्शन लागते. तेव्हाच्या कागदपत्रांत त्याचे नाव धोंड, आजचे दौंड. दोन रात्रींचे घर चाकांवर चालले आहे, त्याच्या टाकीत पाणी नाही आणि खालच्या भोकाला झाकण नाही. आज छोटा कॅम्पर ट्रेलर विकत घेणारा तरुण ज्या प्रश्नाने हैराण होतो, तोच हा प्रश्न. घर चालते, मग त्याचे सांडपाणी कुठे जाते?

त्याचे उत्तर शोधायला आधी शेजारच्या शिरूरला जाऊ.

१८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि घोड नदीकाठी शिरूरला तिची छावणी पडली. गावाला आजही कितीतरी लोक ‘घोडनदी’च म्हणतात. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेसची कबर तेथे आहे. आसपासच्या लोकांनी या गोऱ्या अधिकाऱ्याला ‘सत्पुरुष’ मानून पुजले, ही त्या छावणीची सर्वांत विलक्षण आठवण. पण आपल्याला पाहायची आहे ती छावणीची मागची बाजू.

त्या काळची फौज म्हणजे चालते शहर. शिपायांच्या कित्येक पट बाजारबुणगे : वाणी, बैलवाले, घासकापे, धोबी, बायकामुले. एवढे लोक, एवढी जनावरे आणि पाणी एकाच नदीचे. तळ एका जागी फार दिवस राहिला की रोगराई येई, आणि तिच्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे तळ हलवणे. कूच केले की घाण मागे राही, पुढच्या मुक्कामी जमीन पुन्हा स्वच्छ! मराठ्यांच्या फौजा असोत वा इंग्रजांच्या, या बाबतीत सगळ्यांचे शास्त्र सारखेच होते.

कायमच्या छावण्या झाल्या तेव्हा हे शास्त्र उलटले. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला, आणि त्यामागे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे अफाट परिश्रम होते. गोऱ्या शिपायांतील वार्षिक मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ निघाले. त्यांतले बहुतेक लढाईत मेलेले नव्हते. पटकी, हगवण आणि ताप यांनी मेलेले होते. शत्रू छावणीच्या विहिरीत आणि मागच्या चरात होता.

याच सुमारास इंग्लंडमधील हेन्री मूल नावाच्या एका पाद्र्याने १८६० मध्ये ‘कोरड्या मातीच्या शौचकुपा’चे पेटंट घेतले. कल्पना इतकी साधी की हसू यावे : प्रत्येक वापरानंतर मैल्यावर कोरडी, चाळलेली माती टाकायची. माती ओल शोषते, वास दाबते आणि हळूहळू मैल्याचे खत करते. आपल्याकडील तुरुंगांत आणि छावण्यांत ही पद्धत पुष्कळ वापरली गेली. आज ट्रेलरमध्ये लाकडाच्या भुशावर किंवा नारळाच्या काथ्यावर चालणारे जे ‘कोरडे’ शौचपात्र बसवतात, ते या मातीच्या कुपाचेच वंशज. फरक एवढाच की छावणीत मातीची ती बादली उचलणारा माणूस ठरलेला असे, आणि त्याची जात त्याच्या जन्माआधीच ठरलेली असे. अहवालांत त्याच्या कामाचा उल्लेख येतो, त्याचा क्वचितच.

आता पुन्हा लोहमार्गावर.

१८५८ मध्ये रेल्वे पुण्याला पोहोचली आणि त्याच वर्षाअखेर भीमेच्या खोऱ्यात पुढे सरकली. १८७८ मध्ये धोंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि धोंडचे जंक्शन झाले. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना आता मुंबईला वळसा घालण्याची गरज उरली नाही. १९१४ मध्ये बारामतीची अरुंद रूळगाडीही येथूनच निघाली. इंजिनांना पाणी, डब्यांना पाणी, उतारूंना पाणी : जंक्शन म्हणजे मुख्यतः पाणी भरण्याची जागा. भरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, याचा विचार मात्र आराखड्यात नव्हता.

आरंभी तर डब्यांत शौचकूपच नव्हते. पहिल्या वर्गाला ते आधी मिळाले. तिसऱ्या वर्गाने स्थानकावर उतरून धावतपळत उरकावे, अशी अपेक्षा. १९०९ मध्ये बंगालमधील ओखिल चंद्र सेन या प्रवाशाने साहिबगंज कार्यालयाला लिहिलेले संतप्त पत्र प्रसिद्ध आहे : तो लोटा हातात घेऊन धावतो, गाडी सुटते, तो पडतो, आणि फलाटभर त्याची शोभा होते. त्या पत्रामुळेच डब्यांत शौचकूप आले, ही कथा आपण सगळ्यांनी पुढे पाठवलेली आहे. माझ्या मते ती जरा जास्तच गोड आहे. ही मागणी हिंदी प्रवाशांच्या अर्जांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच दिसते. कंपन्यांना त्यात जागेचे आणि पैशाचे नुकसान दिसे. एका विनोदी पत्राने साम्राज्य हलले असे मानले की इतकी वर्षे अर्ज करणारे सगळे पुसले जातात.

शौचकूप आले, पण टाकी आली नाही. खाली एक नळकांडे, त्याखाली रूळ. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये, ही पाटी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिचा खरा अर्थ ‘घाण करू नका’ असा नव्हता, ‘घाण पुढे कुठेतरी करा’ असा होता. घोडनदीच्या तळाचेच शास्त्र, फक्त वाफेवर चालणारे.

गाड्या मात्र जंक्शनवर थांबतातच, आणि पाटी न वाचणारेही असतात. मग फलाटालगतच्या रुळांवर झाडू, पाण्याचा पाइप आणि माणूस. मैला वाहून नेणाऱ्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली होती. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः झाडू हाती घेऊन भंगीमुक्तीचे काम आयुष्यभर चालवले. तरीही या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा यायला १९९३ उजाडले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या व्याख्येत ‘रेल्वेमार्ग’ हा शब्द स्पष्ट घातला. पण सरकारने ठरवलेली साधने आणि संरक्षक कपडे दिले तर तो माणूस त्या व्याख्येत मोडणार नाही, अशी पळवाटही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ठेवली. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी कालबद्ध योजना आखण्यास सांगितले.

माणसाची कणव उशिरा आली. लोखंडाची मात्र आली. मैलापाण्याने रूळ आणि त्यांना धरून ठेवणारे सुटे भाग गंजतात, ही अभियंत्यांची जुनी तक्रार. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीच्या २०१२ च्या अहवालातही ही चिंता आहे. मधला एक उपाय तर फारच मासलेवाईक होता : काही डब्यांत झडप बसवली, ती गाडीने ताशी ३० किलोमीटरचा वेग ओलांडल्यावरच उघडे. स्थानक स्वच्छ, शिवार घाण.

खरा बदल टाकीने झाला. संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या जैवशौचालयात डब्याखाली पडदे घातलेली पोलादी टाकी असते. तिच्यातील, हवेविना जगणारे जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करतात. उरलेले पाणी क्लोरीनवरून जाऊन बाहेर पडते. २०११ च्या सुमारास सुरू झालेले हे काम दशकाअखेर जवळजवळ सर्व प्रवासी डब्यांपर्यंत पोहोचले. संख्या अडीच लाखांच्या वर. परंतु २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांनी ३२ डेपोंतील सुमारे २५ हजार जैवशौचालये तपासली, तेव्हा एका वर्षातील सुमारे दोन लाख तक्रारी आणि बिघाड आढळले, आणि त्यांत सर्वाधिक तुंबण्याचे. कारणे कोणती? बाटल्या, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या. जिवाणू काम करायला तयार होते. त्यांना प्लास्टिक पचत नव्हते.

मित्रहो, इथून ट्रेलरवाल्यांनी कान टवकारावेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि ही घरे आता भीमेच्या काठीही दिसू लागतील. त्यांच्या पोटात रेल्वेचा दीडशे वर्षांचा हाच अनुभव बसवलेला आहे.

छोट्या ट्रेलरमध्ये तीन साठे असतात : स्वच्छ पाण्याचा, मोरीच्या पाण्याचा आणि मैल्याचा. अगदी लहान ट्रेलरमध्ये मैल्यासाठी ओढून काढता येणारी पेटी असते, साधारण १५ ते २० लिटरची. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. म्हणजे सहलीचा आराखडा डिझेलवर आखण्याआधी त्या पेटीवर आखावा लागतो. टाकी स्थिर असेल आणि नळीने रिकामी करायची असेल, तर तिची झडप सतत उघडी ठेवण्याचा मोह होतो. तसे केले की पाणी वाहून जाते आणि घट्ट मळ ढिगासारखा तळाशी बसतो. दोन-तृतीयांश भरू द्यावी, मग एकदम सोडावी. आधी मैला, नंतर मोरीचे पाणी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे दोन्ही वेळा.

मोरीच्या पाण्याला लोक निरुपद्रवी समजतात. उन्हाळ्यात दौंडच्या उष्म्यात खरकटे आणि तेल मिसळलेले ते पाणी एक-दोन दिवसांत सडू लागते. म्हणून ताट आधी कागदाने पुसावे, मोरीच्या तोंडाशी गाळणी ठेवावी. ट्रेलर महिनाभर उभा राहिला आणि आत वास सुटला, तर टाकीवर संशय घेण्याआधी मोरीखालच्या वाकड्या नळीत पाहावे : तिच्यातले पाणी वाळले की वासाला वाट मिळते, तांब्याभर पाणी ओतले की बंद होते. झडपेच्या रबराला सिलिकॉनचे वंगण द्यावे. पेट्रोलियम जेलीने रबर फुगते. आणि कडक जंतुनाशके कमीत कमी. ती वास मारतात आणि जिवाणूही मारतात, मग ज्या ढाब्याच्या सेप्टिक टाकीत तुम्ही पेटी रिकामी करता तिचेही काम थांबते. ढाबेवाल्याला आधी विचारावे, हे वेगळे सांगायला नको; पण विचारत नाहीत.

नदीत तर मुळीच नाही. पुण्याचे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तिथे उभे राहिले की कोणालाही वाटेल, एवढ्या घाणीत आपले वीस लिटर काय! शंभरएक वर्षे रुळांवरचा प्रत्येक उतारू हाच हिशेब करत होता. आणि पुढे उजनीच्या जलाशयात हेच पाणी साठते.

याच दौंड तालुक्यात चाकांवरच्या शौचालयांचा सर्वांत मोठा प्रयोग दरवर्षी होतो, आणि तो पर्यटकांचा नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केलेला पालखी सोहळा लोणी काळभोरहून यवत आणि वरवंड या मुक्कामांवरून बारामतीकडे जातो. एका रात्रीत गावाच्या कित्येक पट माणसे येतात आणि पहाटे निघून जातात. इंग्रज अधिकारी पटकीच्या साथींचा दोष पंढरीच्या यात्रेवर ठेवत. उपाय म्हणून यात्रेकरूंवर कर बसवत. माणसांसाठी खालची टाकी मात्र कोणी आणली नाही. दिंडीच्या मागे ट्रक आणि पाण्याचे टँकर आले, तरी मुक्कामानंतरचे शिवार गावानेच निस्तरायचे, हे अनेक वर्षे गृहीत होते.

गेल्या दशकापासून मुक्कामांवर फिरती शौचालये रांगेने उभी राहू लागली : ट्रेलरवर किंवा ट्रकमधून आणलेली, खाली बंद टाकी असलेली. बायांना आता उजाडण्याच्या आत आडोसा शोधावा लागत नाही, हा त्यातला सर्वांत मोठा फरक. पालखी वरवंडहून हलली की मैला उपसणारे टँकर रांगेच्या एका टोकापासून काम सुरू करतात, आणि कोणती टाकी किती भरली, कोणत्या टाकीत बाटली अडकली, हे पाइप धरणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते.