साडेसोळा मिलिमीटरांची कुळकथा

गणपतीपुळ्यास आगगाडी येत नाही. श्रींच्या दर्शनाचा यात्रेकरू रत्नागिरीस किंवा भोक्यास उतरतो आणि उरलेली वाट मोटारीने काटतो. ज्या १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत अखंड धावू लागली, त्याच साली पुण्यास कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय लोकांस खुले झाले. आकारात काय ते अंतर. एरवी थोरल्या आणि धाकट्या रुळांचा धर्म एकच, की दोहोंमधली रुंदी ढळता कामा नये.

ती रुंदी राखणाऱ्या हत्यारास आपले गँगमन ‘गेज’ म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंचमधला; विलायतेत जकातीसाठी दारूची पिंपे मापणारा सरकारी नोकरही याच शब्दावरून ओळखला जाई. हिंदुस्थानात रुळांची रुंदी ठरवताना डलहौसीने सहा फुटांचा आग्रह धरला, कंपनीच्या संचालकांचा कल विलायती ४ फूट ८॥ इंचांकडे होता, आणि अखेर तडजोडीने साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, मुक्रर झाले; १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी याच मापावर धावली.

खेळण्यातल्या रुळांस शिस्त लावली ती म्यॅर्क्लिन या जर्मन कारखान्याने, १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत. पुढे ‘शून्य’ नावाच्या मापाचे अर्धे करून साडेसोळा मिलिमीटर निघाले, आणि फुटास साडेतीन मिलिमीटर या प्रमाणात ते विलायती रुंदीशी तंतोतंत जुळले. परंतु इंग्रजी इंजिनांचा देह मुळात लहान, त्यात त्या काळची विजेची मोटार मावेना. म्हणून देह फुटास ४ मिलिमीटरांपर्यंत वाढवला गेला आणि रूळ मात्र होते तेवढेच राहिले. परिणामी गाडी काटकुळ्या पायांच्या शेठजीसारखी दिसू लागली. हा विद्रूपपणा ज्यांस साहवेना, त्यांनी १९६०च्या दशकात १८.८३ मिलिमीटरांचा अचूक दंडक घातला. मात्र त्या मापाचे रूळ बाजारात मिळेनात, आणि हाताने रूळ बांधणे व त्यासाठी गेज घडवणे भाग पडले.

त्यांतला रोलर गेज म्हणजे रुळांची डोकी अचूक बसतील अशा खाचांचा, लेथवर कातलेला दंडगोल. तो बसवून रूळ स्लीपरास डाख देऊन जोडायचा. खरी करामत तीन पायांच्या गेजाची. वळणावर त्याचे दोन पाय बाहेरच्या रुळास आणि एक आतल्या रुळास टेकवला, की बाहेरच्या रुळाचा बाक त्या दोन पायांमधून जेवढा बाहेर झुकेल तेवढीच रुंदी आपोआप वाढते. वळण जितके तीव्र तितकी सूट अधिक, आणि तीही कारागिराने कसलाही हिशेब न मांडता! गुण्या आणि ओळंबा हाताळणाऱ्या आमच्या सुतारांस याचे मर्म सांगावे लागणार नाही.

आता घरची गोष्ट. कोकण रेल्वे साडेपाच फुटांची; फुटास ४ मिलिमीटर धरल्यास रुंदी नेमकी २२ भरते, आणि ३ धरल्यास नेमकी साडेसोळा. म्हणजे ज्या मापाने इंग्रजी गाडीची शोभा घालवली, तेच आमच्या गाडीस बरहुकूम बसते, आणि हे कोणी हेतुपुरस्सर केलेले नाही. तरीही ज्यास भोके स्थानक ४ मिलिमीटरांच्या प्रमाणात घरी उभारायचे असेल, त्याने एखाद्या लेथवाल्याकडून २२ मिलिमीटरांचा रोलर गेज कातून घ्यावा. ॲल्युमिनियमचा घ्यावा, पितळेचा नको, त्यास डाख चिकटतो.