महानायक, निर्णय आणि चवदार तळे

महानायकाच्या कथेत एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते : संकट सर्वांचे, सामर्थ्य एकाचे आणि म्हणून निर्णयही त्या एकाचाच. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ (१९८६-८७) या चित्रकादंबरीने या गृहीतकालाच हात घातला. तिच्यातील ओझिमँडियस अणुयुद्ध टाळण्यासाठी लाखो निरपराधांचा बळी देतो आणि ते सत्य जगापासून लपवून ठेवतो. ज्यांच्या जिवावर निर्णय झाला त्यांना विचारलेच गेले नाही, तर उदात्त हेतूमुळे ते नेतृत्व नैतिक ठरते काय?

या प्रश्नाकडे दापोलीहून पाहिले, तर वेगळा इतिहास दिसतो. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. लेखणी एकाची असली, तरी गाऱ्हाणे मंडळीचे होते. पुढे सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर सहकुटुंब दापोलीला आले व तेथून साताऱ्यास गेले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव.

डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरील ‘भीमायन’ (२०११) ही चित्रकादंबरी दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रेखाटली. तिच्यात चौकटींची बंदिस्त रचना नाही. पाण्यासाठी तहानलेला मुलगा येथे कथेच्या केंद्रस्थानी येतो आणि पुढे तोच महाडला पोहोचतो.

महाडची पहिली परिषद भरवण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यांच्यामागून परिषदेला आलेले लोकही प्याले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले. तेव्हा आंबेडकरांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरले.

खरी कसोटी डिसेंबरात लागली. तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो माणसे तुरुंगात जाण्याच्या तयारीने आली होती. तळ्यावर जावे की थांबावे, यावर परिषदेत चर्चा झाली. अनेकांचा कल सत्याग्रहाकडे होता. आंबेडकरांनी सर्वांसमोर कारणे मांडून तहकुबीचा आग्रह धरला आणि परिषदेने तो मान्य केला.

यावर आक्षेप घेता येईल. आंबेडकरांच्या शब्दाचे वजन पाहता ती संमती कितपत मुक्त होती? आक्षेप रास्त आहे. त्या लोकांना थांबण्याची किंमतही मोजावी लागली. तरीही ओझिमँडियसपासूनचे अंतर येथेच स्पष्ट होते. त्याचा निर्णय गुप्त राहिला तरच टिकतो. महाडचा निर्णय मात्र उघड कारणांवर उभा होता आणि त्याचा जाब पुढेही विचारता येत होता. नेत्याची नैतिक जबाबदारी त्याच्या सामर्थ्यावरून मोजण्याऐवजी या उत्तरदायित्वावरून मोजावी, असे मला वाटते.

तळ्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी : पहिल्या ओंजळीनंतर जवळजवळ दहा वर्षांनी.