बिघाडातून आलेला आवाज: गिटारच्या पेटीचा इतिहास

आज टेबलावर एक लोखंडी पेटी आहे. लॅपटॉपएवढी रुंद, पायाने दाबायची तीन बटणं, उजवीकडे एक पेडल. गिटारवाले हिला मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर म्हणतात. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने अ‍ॅम्प्लिफायरकडे निघते, आणि मधल्या प्रवासात आवाजाचं रूप पालटतं.

मी सिग्नल्समधला माणूस. आमची उभी नोकरी आवाज स्वच्छ ठेवण्यात गेली. वायरलेसवर खरखर आली, शब्द फाटला, प्रतिध्वनी आला की तक्रारवहीत नोंद व्हायची आणि कोणीतरी पाना-पेचकस घेऊन धावायचं. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो, कॉलेजातली गिटार पुन्हा काढली आणि ही पेटी सेकंडहँड घेतली. तिच्यावरची नावं वाचून हसू आलं. डिस्टॉर्शन, फझ, डिले, रिव्हर्ब. आमच्या तक्रारवहीतले सगळे गुन्हेगार इथे मानाने बसलेले!

हे कसं झालं, ते आज सांगायचं आहे. स्वतःचा आवाज कसा बनवायचा, याचं उत्तरही त्याच इतिहासात आहे.

सुरुवात १९५१ सालची, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली. आइक टर्नरचा वाद्यवृंद ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित करायला आला. गिटारवादक विली किझार्टचा अ‍ॅम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. दुसरा मिळेना. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि रेकॉर्डिंग उरकलं. तो घोगरा, फाटका आवाज लोकांना आवडला. मग १९५८ मध्ये लिंक रे या वादकाने ‘रम्बल’साठी स्पीकरला पेन्सिलीने मुद्दाम भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकर चिरला. पहिला अपघात होता, पुढचे दोन हेतुपुरस्सर. या दोन्हींच्या मध्ये एक घटना घडली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

नॅशव्हिलमध्ये एक स्टुडिओ होता, त्याचं नाव क्वान्सेट हट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने वापरलेली अर्धगोल पत्र्याची बराक, तिचंच हे नाव. तिथे मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या वेळी ग्रेडी मार्टिनचा बास ज्या चॅनलमधून जात होता, तो चॅनल सदोष निघाला. भुंग्यासारखा गुरगुरणारा आवाज आला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. पुढे इतर कलाकार येऊन ‘तोच आवाज द्या’ म्हणू लागले. पण तोवर तो चॅनल पुरता निकामी झाला होता!

तिथले अभियंते ग्लेन स्नॉडी यांच्यापुढे पेच पडला. दोष हवा होता, पण दोष देणारं यंत्र उरलं नव्हतं. त्यांनी त्या बिघाडाचा अभ्यास केला आणि ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड मुद्दाम घडवणारं छोटं सर्किट बांधलं. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वाजवलं, आणि मग ते जगभर पोचलं.

हा आवाज तयार होतो कसा? स्वराची लाट गोलसर असते. सर्किटला पेलवणार नाही इतका जोर दिला की लाटेचे माथे कापले जातात. कापलेल्या लाटेत मूळ स्वराच्या जोडीला वरचे अनेक स्वर उमटतात. म्हणून आवाज दाट आणि खरखरीत लागतो.

आपल्याला हे नवीन आहे का? तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. तार घोडीला किंचित घासत कंपते आणि स्वयंभू स्वर फुलून येतात. तंत्र वेगळं, पण तारेच्या स्वच्छ आवाजात जाणूनबुजून वरचे स्वर मिसळण्याचा विचार तोच. मिरजेचा कारागीर तो धागा केसभर इकडेतिकडे करून जवारी लावतो. फझच्या बटणाशी झटणारा पोरगा तेच काम करत असतो.

पेटीतल्या इतर नावांची गोष्टही आमच्याच खात्यातली म्हणा ना. रिव्हर्ब म्हणजे सभागृहाची घुमणूक. हॅमंड ऑर्गनमध्ये ती आणण्यासाठी जी स्प्रिंग बसवली, तिची कल्पना बेल लॅबची. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर होणारा उशीर प्रयोगशाळेत तपासायला त्यांनी ती वापरली होती. फेंडरने १९६१ मध्ये गिटारसाठी तिची स्वतंत्र पेटी काढली. डिले आधी टेपवर होत असे. आवाज एका हेडने नोंदवायचा आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या हेडने ऐकवायचा. १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी टेपविना उशीर करणारं सर्किट शोधलं. आग विझवताना माणसं रांगेने बादल्या हातोहात देतात, तसा त्यात विद्युतभार एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे जातो. त्याचं नावही ‘बकेट ब्रिगेड’च पडलं. जिमी हेन्ड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’मधला ऑक्टेव्हिया हा इफेक्ट रॉजर मेयर यांनी बनवला. ते ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात काम केलेले. हेन्ड्रिक्स स्वतः १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराट्रूपर होता, हे आमच्या मेसमध्ये सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नसे.

ऐंशीच्या दशकात हे सगळं आकड्यांत आलं. १९८८ मध्ये बॉसची एमई-५ ही पेटी आली. कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब एकाच ठिकाणी, आणि सगळी जुळणी एका क्रमांकाखाली जपता येई. त्याआधी बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागत. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा पॉड आला. राजम्याच्या दाण्याच्या आकाराची ही लाल पेटी चक्क जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांची नक्कल करू लागली.

आता माझी गोष्ट. पेटीत तयार आवाज भरपूर होते, पण एकही आपला वाटेना. मग लष्करी शिस्तीने सगळं बंद केलं आणि एकेक पायरी चढलो. आधी कॉम्प्रेसर, मग डिस्टॉर्शन, मग अ‍ॅम्पची नक्कल, त्यानंतर डिले, शेवटी रिव्हर्ब. क्रम महत्त्वाचा. डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला, तर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद एकत्रच चिरडले जातात आणि लगदा होतो. डिलेचा हिशोब सोपा: ६०,००० ला लयीने भागा. मिनिटाला १०० ठोके असतील तर एका ठोक्याला ६०० मिलिसेकंद. डोंगरात राहिलेल्याला हे सहज कळतं. समोरची कडा साधारण १०० मीटरवर असेल, तर हाक तेवढ्याच वेळात परत येते.

तीन महिने खपून एक आवाज जमवला. माझ्या लेखी तो अगदी भरलेला, स्वच्छ. मुलगी घरी आली होती, तिला मोठ्या हौसेने ऐकवला. दोन स्वर झाले आणि तिने कानांवर हात ठेवले. म्हणाली, “बाबा, टोचतंय कानाला. सुई घातल्यासारखं.”

मी चिडलो. म्हटलं, तुला यातलं काय कळतं! ती काही बोलली नाही, आणि त्या गप्प बसण्याने मला जास्त लागलं. रात्री जुनी वैद्यकीय फाइल काढली. तोफखान्याबरोबर काढलेल्या वर्षांची देणगी तिच्यात आलेखावर होती. ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा. मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा कान आधी तिथेच जातो. मग पेटीचा इक्वलायझर पाहिला. ३ ते ५ हजार हर्ट्झचा पट्टा मी भरमसाट चढवून ठेवला होता. कानातला खड्डा मी पेटीतून भरत होतो, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, “बस जरा. मी वाजवतो, तू बटण फिरव.” तिने तो पट्टा हळूहळू खाली आणला. माझ्या कानाला आवाज मंद होत गेला, तिचा चेहरा मात्र सैल पडला. जिथे ती थांबली, तिथे आम्ही तो जपला. आता पेटीत दोन क्रमांक शेजारी शेजारी आहेत. पहिला फक्त माझ्यासाठी, हेडफोन लावून ऐकायचा. दुसरा घरातल्या सगळ्यांसाठी.

म्हणून मला स्नॉडी मोठे वाटतात. बिघाड तर अनेकांच्या वाट्याला आला होता. त्यांनी तो नेमका कुठे आणि कसा होतो हे शोधलं, म्हणून हवा तेव्हा आणता आला आणि नको तेव्हा पायाने बंद करता आला. तुम्हीही पेटी घेतली असेल, तर तयार आवाजांच्या यादीत हरवू नका. सगळं बंद करा, एकेक चालू करा, प्रत्येक पायरी नेमकं काय बिघडवते ते ओळखा. आणि जपण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. तो कानांवर हात ठेवेल, तर रागावू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.