खिशातून गेलेलं जंगल

जंगल म्हटलं, की सावली आली, पाखरं आली. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, उजाड वाळवंटात एक जंगल आहे, तिथं यातलं काहीच नाही. वृक्ष आहेत, पण ते जमिनीवर आडवे पडलेले आणि आरपार दगड झालेले.

सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताजवळ होता. नद्यांच्या काठी उंच सूचिपर्णी वृक्ष वाढत होते. पुरात वाहून आलेले ओंडके गाळाखाली गाडले गेले. तिथं हवा नव्हती, त्यामुळे ते लवकर कुजले नाहीत. गाळात ज्वालामुखीची राख मिसळलेली होती. तिच्यातली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि हळूहळू लाकडाच्या जागी गारगोटीच्या जातीचा दगड तयार झाला. लोह आणि मँगॅनीज यांच्या अंशांनी त्याला तांबडे, पिवळे, काळे रंग दिले.

तिथल्या मूळ रहिवाशांना हे दगड परिचयाचे होते. सात-आठशे वर्षांपूर्वी त्यांनी या तुकड्यांचं चक्क घर बांधलं. ‘अगेट हाउस’ म्हणून ते आजही दाखवलं जातं.

संकट आलं ते रेल्वेबरोबर. १८८० च्या दशकात जवळून लोहमार्ग गेला आणि दगडी लाकूड बाहेर जाऊ लागलं. ओंडक्यांच्या पोकळीत जांभळे स्फटिक सापडत. त्यासाठी सुरुंग लावून ओंडके फोडले गेले. १८९० च्या दशकात तर ते कुटून घासकामाची पूड करण्यासाठी गिरणी उभी राहिली. लोक अस्वस्थ झाले. १८९५ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळानं अमेरिकन काँग्रेसकडे संरक्षणाची मागणी केली. अखेर ८ डिसेंबर १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे जंगल राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. १९६२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं.

सुरुंग थांबले, पण खिसे थांबले नाहीत. दरवर्षी चौदा टन लाकूड चोरीला जातं, अशी पाटी उद्यानात होती. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाट्या बदलून प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अनेकांनी तुकडे नेले’ असं सांगणारी पाटी होती, तिथं खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास आठ टक्के गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच म्हणणाऱ्या पाटीजवळून दोन टक्केही गेले नाहीत. सगळेच नेतात, मग आपणच का मागे राहायचं? पुढं उद्यानातल्या अधिकाऱ्यांनी जुनी छायाचित्रं ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक ठिकाणी ओंडके जिथल्या तिथं होते. चोरी होती, पण तिची हाकाटी अधिक होती.

नेलेले काही तुकडे टपालानं परत येतात. सोबत क्षमा मागणारी पत्रं असतात. दगड घरात आल्यापासून आजारपण आलं, नोकरी गेली, असंही कुणी कुणी लिहितं. मात्र हे दगड पुन्हा जंगलात ठेवता येत नाहीत, कारण ते नेमके कुठून उचलले, हे कुणालाच ठाऊक नसतं. जीवाश्म कोणत्या थरात होता, त्यावरून अभ्यासक त्याचा काळ ठरवतात. जागा हरवलेल्या दगडाची साक्ष बाद होते. म्हणून उद्यानातल्या एका रस्त्याकडेला त्यांचा ढीग घातला जातो. त्याला तिथं ‘पश्चात्तापाचा ढीग’ या अर्थाच्या नावानं ओळखतात.

उद्यानाबाहेरच्या खासगी जमिनीतलं दगडी लाकूड दुकानांत रीतसर विकत मिळतं. आठवण म्हणून ते खुशाल आणावं. आतला तुकडा मात्र हातात घेऊन पाहावा आणि तिथंच, त्याच्या खळग्यात, परत ठेवावा.