फळीबाहेरचं गिऱ्हाईक

वाण्याच्या जुन्या दुकानात गिऱ्हाईक फळीबाहेर उभं राही. तांदूळ, गूळ, सुपारी सगळं वाण्याच्या पाठीशी. तो तोलणार, पुडी बांधणार, पैसे गल्ल्यात पडले की पुडी हातात देणार. चोरी व्हायचीच तर ती त्याच्या डोळ्यांदेखत. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 59 याच काळातलं. खाजगी माणसाला चोर धरता येई, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, त्याच्या नजरेसमोर घडलेला हवा, आणि धरलेल्या माणसाला विनाकारण वेळ न काढता पोलिसांच्या हवाली करायला हवं. 1860च्या दंड संहितेतली साधी चोरी या वर्गात बसत होती, म्हणून वाणी चोराचं मनगट धरू शके. मात्र त्या कलमात दुकानदाराचा उल्लेखच नाही. रस्त्यावरच्या वाटसरूला जेवढा अधिकार, तेवढाच त्याला. ही पोलीस येईपर्यंतची उसनवारी होती. कायद्याने ती कधी सैल केली नाही. दुकानांनी मात्र ती आपली मिरास समजली, आणि हे मला गंभीर वाटतं.

1973च्या संहितेत हेच कलम 43 झालं आणि ‘नजरेसमोर’ऐवजी ‘उपस्थितीत’ असा शब्द आला. पुढे मॉल आले, फळी गेली, माल गिऱ्हाइकाच्या हाताशी आला. आता वस्तू उचलणं ही चोरी नव्हे, कारण उचलायला दुकानाचीच संमती असते. लबाडीचा हेतू दिसायला हवा. रखवालदाराने मागच्या खोलीत जुनं चित्रण पाहून दाराशी माणूस अडवला, तर गुन्हा त्याच्या उपस्थितीत घडला असं म्हणणं कठीण. त्यानंतर जे होतं ते अधिक वाईट: पिशवी टेबलावर उलटी करायची, खिसे चाचपायचे, माफीनामा लिहून घ्यायचा, मनाला येईल तेवढा दंड उकळायचा. याला कुठेच आधार नाही. खाजगी माणसाने अटक केली असेल, तर झडती ज्याच्या ताब्यात दिलं त्या पोलिसाने घ्यायची, आणि बाईची झडती बाईनेच, शालीनता सांभाळून, असं कलम 51 सांगत होतं. बेकायदा डांबून ठेवणं हा दंड संहितेच्या कलम 342खाली वर्षभरापर्यंत कैदेचा गुन्हा होता.

मग दुकानदाराने लूट बघत बसायचं का, असा आक्षेप येतो. तो खोटा नाही; किरकोळ धंद्यात नफा बारीक असतो आणि रोजची गळती जिव्हारी लागते. पण मालाच्या बचावाचा हक्क अटकेहून वेगळा आहे आणि तो शाबूत आहे: चोर मालासह निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत, गरजेपुरतं बळ वापरून त्याला अडवता येतं. आवळला गेला तो अटकेचा अधिकार. 1973च्या संहितेच्या जागी 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40ने हवाली करायला सहा तासांची मर्यादा घातली. त्याहून मोठा फरक दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेने केला. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या पहिल्या चोरीला, माल किंवा किंमत परत दिल्यावर, समाजसेवेची शिक्षा ठरली, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र झाला. म्हणजे तीनशे रुपयांची क्रीमची बाटली फडताळावर परत गेली, की खाजगी अटकेची पहिलीच अट उरत नाही. अशा गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करण्याची मुभा सामान्यतः पोलिसालाही नसते.