अमेरिकेतलं ‘सर्वात जुनं’ चर्च खरंच १६३२ चं आहे का?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं स्मिथफील्ड हे छोटंसं गाव ओळखलं जातं ते तिथल्या हॅममुळे, म्हणजे मीठ लावून मुरवलेल्या डुकराच्या मांसामुळे. याच गावापासून काही मैलांवर लाल विटांचं एक जुनं चर्च आहे, सेंट ल्यूक्स. पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि समोर चौकोनी मनोरा. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातून उचलून आणल्यासारखं ते दिसतं.

हे चर्च १६३२ सालचं आहे, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. या दाव्याचा उगम मजेशीर आहे. १८८७ मध्ये वादळात चर्चचं छत कोसळलं आणि पडझडीत १६३२ हा आकडा कोरलेल्या विटा सापडल्याचं सांगण्यात आलं. झालं! पडक्या इमारतीला एकदम मान मिळाला.

पण मुळात चर्च इतकं दुर्लक्षित का झालं होतं? इंग्रजांच्या काळात व्हर्जिनियात चर्च ऑफ इंग्लंड हा सरकारी पंथ होता आणि त्याचा खर्च लोकांच्या करातून चालायचा. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाला धर्मप्रमुख मानणं अमेरिकेत शक्यच नव्हतं. म्हणून तिथल्या या पंथाने वेगळी चूल मांडली, तेच एपिस्कोपल चर्च. १७८६ मध्ये व्हर्जिनियाने थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. पुढे १८०२ च्या कायद्याने पाद्र्यांच्या निर्वाहासाठीच्या जमिनी (आपल्याकडच्या देवस्थान इनामासारख्या म्हणा) विकायची वाट मोकळी झाली. पैसा आटला, भाविक पांगले. १८३० च्या दशकात स्मिथफील्ड गावातच नवं चर्च झालं आणि जुनं मागे पडलं.

वादळानंतर १८९० च्या दशकात वर्गणी जमवून त्याची दुरुस्ती झाली. १९५० च्या दशकात आणखी मोठं काम झालं आणि आतला भाग सतराव्या शतकात असेल तसा नव्याने उभारला गेला. त्यामुळे आत दिसणारं सगळंच मूळ आहे, असं समजू नका. १९६० मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

आता पुन्हा तारखेकडे वळू. वसाहतीची तेव्हाची राजधानी जेम्सटाउन. तिथल्या विटांच्या चर्चचं काम सुरू झालं १६३९ मध्ये. मग राजधानीच्याही आधी आडबाजूच्या गावात एवढं पक्कं बांधकाम कसं झालं असेल? आजचे अभ्यासक या चर्चचा काळ साधारण १६८२ धरतात. विटेवरचा एक आकडा म्हणजे सबळ पुरावा नव्हे. तरीही अमेरिकेत आज उभ्या असलेल्या विटांच्या सर्वात जुन्या चर्चमध्ये त्याची गणना होते, हे काही कमी नाही.

नवी तारीख आणखी एका माणसाशी जुळते. त्या भागातले श्रीमंत जमीनदार कर्नल जोसेफ ब्रिजर १६८६ मध्ये वारले. त्यांचे अवशेष नंतर शेतातल्या थडग्यातून या चर्चमध्ये आणण्यात आले. स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांनी त्यांची हाडं तपासली, तेव्हा त्यांत शिशाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. त्या काळी शिसं मिसळलेल्या धातूच्या ताटवाट्या श्रीमंतांच्याच घरी असायच्या आणि आंबट पदार्थांबरोबर ते शिसं थेट पोटात जायचं.