घर पाहावे मागून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने रचली, त्याच्या गावी नगरपालिका नसावी. असती तर बिचारा लग्नापर्यंत पोचलाच नसता. पहिल्याच टेबलापाशी त्याला ऐकावे लागले असते, "साहेब दौऱ्यावर गेले भाऊ. सोमवारी येजा."

तसे पाहिले तर आपल्या घरात दुसऱ्याने नाक खुपसावे, ही चाल इंग्रजांनी आणली असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांवर एक अख्खे प्रकरण आहे. सांडपाण्याची मोरी शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती दूर असावी, हेही त्यात आहे. वास्तूचे वाद शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीने मिटवावेत, असेही तो सांगतो. आमच्या वऱ्हाडात कौटिल्य कुणी वाचला नव्हता. पण वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडले की शेजारची म्हातारी अंगणात उभी राहून जी सुनावणी घेई, तिला तारीख नसे, वकील नसे आणि अपील तर नसेच नसे. निकाल अर्ध्या गावाला ऐकू जाई.

मग कागद आला. वऱ्हाडासाठी नगरपालिकांचा कायदा झाला १८८६ साली, आणि यवतमाळला नगरपालिका आली १८९४ मध्ये. गंमत अशी, की तेव्हा जिल्ह्याचे नाव होते वणी आणि कचेरी होती यवतमाळला! जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले १९०५ साली. राहतो एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ही आपल्याकडची परंपरा खुद्द जिल्ह्यापासूनच सुरू झाली म्हणायची.

पुढे १९२२ चा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कायदा आला. त्या काळात एखाद्याने १९४५ साली भिंत घातली असेल, तर ती जागची न हलता चार राज्यांत राहून आली: आधी मध्य प्रांत-वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. भिंतीने इतका प्रवास केला. फाईल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दमते.

आज आपण ज्या कायद्यांच्या नावाने कपाळाला हात लावतो, ते दोन्ही लागोपाठ आले. नगरपालिकांचा १९६५ चा आणि प्रादेशिक व नगररचनेचा १९६६ चा. मुख्यमंत्री कोण? आमच्या पुसदचे वसंतराव नाईक! आणि ते १९४६ साली पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले. म्हणजे गल्लीबोळ, मोऱ्या आणि अर्जदारांचे चेहरे पाहिलेला माणूस. तेव्हा कायदा मुंबईच्या लोकांनी आमच्या बोकांडी बसवला, असे म्हणायचीही सोय राहिली नाही.

कायदा वाचायला बसले तर चांगला वाटतो, हीच पंचाईत आहे. आग लागली तर बंब गल्लीत शिरावा, खोलीत वारा यावा, एकाच्या संडासाचे पाणी दुसऱ्याच्या विहिरीत जाऊ नये. यात वाईट काय? शिवाय नगररचनेच्या कायद्याचे कलम ४५ तर भलतेच उदार. अर्जावर साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळालीच असे समजावे! मौन ही संमती, हे आपण लग्नाच्या बोलण्यांत ऐकले होते. इथे ते सरकारने लिहून दिले.

जिल्ह्यातल्या एका गावच्या गुरुजींनी (गावाचे नाव सांगत नाही, उगीच त्यांची फाईल खाली जायची) हे कलम वाचले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज एक फुली मारू लागले. अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र आले: नकाशात पाडायची भिंत पिवळ्या रंगात दाखवलेली नाही, खुलासा करावा. गुरुजींनी पिवळा रंग दिला. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे, की शंका विचारली तर साठ दिवस खुलासा मिळाल्यापासून नव्याने मोजायचे. गुरुजींनी कॅलेंडरही नवे आणले. शेवटी परवानगी मिळाली, तेव्हा कळले की ती एक वर्ष टिकते, आणि दर वर्षी मुदत वाढवून घेतली तरी फार तर चार वर्षे. मास्तराच्या पगारात घर चार वर्षांत उठते, हा हिशेब कुणी केला असेल तो नक्कीच मास्तर नसावा.

विनापरवानगीचीही या जिल्ह्याला थोर परंपरा आहे म्हणा. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव रानात परवानगीशिवाय गवत कापले आणि तुरुंगात गेले. पण त्यांनी ते देशासाठी कापले होते. आपण पुढच्या ओसरीवर पत्रे टाकतो आणि त्यालाही सत्याग्रहच म्हणतो!

आता काळ बदलला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचे, तर परवान्यासाठी ताटकळायचे कारण नाही. नकाशा आणि शुल्क भरून कामाला लागायचे. ऐकून बरे वाटले. पण ही सोय ज्याच्या हातात जागेचा पक्का कागद आहे त्याची. आमच्याकडच्या गावांत नझूल नावाची गोष्ट आहे: जमीन सरकारची, माणूस पट्ट्यावर, आणि पट्ट्याची मुदत कधीच टळून गेलेली. आजोबाने घर बांधले, बापाने वर कवेलू घातले, नातवाला स्लॅब टाकायचा आहे; बँक म्हणते, जागा कुणाची ते आधी दाखवा.

अशाच एका घरातली म्हातारी कराच्या पावत्यांचा गठ्ठा फडक्यात बांधून हिंडते. तिला कुणीतरी समजावून सांगितले, की आजी, कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही. तिने शांतपणे गाठ मारली आणि विचारले, "मंग पैसे घेताना कोनाच्या घराचे घेतले रे बाप्पा?"

साठ दिवस उलटून गेले. अजून उत्तर आलेले नाही.